काट्यावर एकट्याला उभं करू नका

लठ्ठपणावरचं भाषण आता खान्देशात कुठेही ऐकायला मिळतं. आरोग्य शिबिरात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनी. वक्ता बदलतो, भाषण तेच. पूर्वीचे लोक कष्ट करायचे, कोसभर पायी जायचे, कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचे. आताची पिढी आळशी झाली, मोबाइलला चिकटली, पिझ्झा-बर्गरच्या नादी लागली, म्हणून पोटं सुटली. उपायही ठरलेला: जिभेवर ताबा ठेवा, पहाटे उठा, चालायला लागा. टाळ्या होतात. मग आयोजकांतर्फे चहा, बिस्किटं आणि कचोरी.

हे भाषण ऐकून सभागृहातली जाड माणसं दरवेळी मान खाली घालून घरी जातात. ज्यांनी खरं तर मान खाली घालायची ते बहुधा व्यासपीठावर बसलेले असतात. म्हणून या भाषणातला एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

पिझ्झ्यापासून सुरुवात करू. जळगाव-धुळ्यात पिझ्झा मिळतो, नाही असं नाही. पण पारोळा, साक्री, यावल, शिंदखेड्याच्या बाजारात तासभर उभं राहून पाहा लोक काय खातात ते. सकाळी चहात बुडवलेली खारी नाहीतर टोस्ट, अकराला कचोरी किंवा समोसा, दुपारी डब्यातली पोळी-भाजी, चारला पुन्हा गोड चहा आणि बिस्किट, दिवेलागणीला भजी किंवा फरसाण, आणि अधूनमधून रात्री महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजी. या यादीत पिझ्झा कुठेच नाही. मैदा, साखर आणि तेल मात्र हजर आहेत. पिझ्झ्याला शिव्या देणं सोपं जातं, कारण तो परका आहे. खारीवाला बेकरीवाला आपल्या ओळखीचा असतो.

शेवभाजीचंही बोलू, अस्मितेला हात लागला तरी चालेल. जाड, लाल, तिखट शेव आधीच तेलातून तळून आलेली असते. रस्सा म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण आणि काळा मसाला, बाजूने तेल सुटेपर्यंत परतलेला. वर पेरभर तर्री. त्यात शेव पडली की पाच मिनिटांत ती रस्सा आणि तेल पिऊन फुगते, आणि गिऱ्हाईक आवाज देतं, ‘भाऊ, तर्री वाढ.’ एका वाटीत तीन मोठे चमचे तेल गेलं असं धरलं, आणि हा अंदाज ढाबेवाल्यावर उपकारच करतो, तरी साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. शेवेतलं तेल आणि बेसन वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार कॅलरीच्या ताटात दिवसभराचं तेल-तूप धरलंय सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीची गतही फार वेगळी नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत कुटलेली, अगदी निर्मळ. मग त्यांच्यावर फोडणीचं तेल पडतं आणि सोबतीला कळण्याच्या पुऱ्या येतात. तेव्हा ‘आपलं पारंपरिक ते सगळं पथ्याचं’ हा दावा खान्देशी माणसाने तरी करू नये.

आधुनिक खाणं काल-परवा आलं, असं म्हणणाऱ्यांनी अमळनेरही आठवावं. २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली. महंमद हाशम प्रेमजींनी तिचा कारखाना काढला तो अमळनेरला; माल होता ‘सनफ्लावर’ वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. तिच्या शेअरांनी अमळनेरच्या किती घरांचं भलं केलं, हे अमळनेरकर अभिमानाने सांगतात आणि त्यांनी सांगावंच. पण हेही खरं की तेलात हायड्रोजन घालून गोठवलेली स्वस्त चरबी खान्देशच्या मातीत तयार होऊ लागली त्याला पाऊणशेहून अधिक वर्षं झाली. त्यातल्या ट्रान्स-फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा देशात लागू झाली जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात लग्नांच्या पंगतीत वनस्पती तुपातली बुंदी आणि बालुशाही खाणारे आपले ‘पूर्वीचे लोक’च होते.

ते सडपातळ होते हे मान्य. कशाने होते, हे मात्र भाषणात येत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायामाणसांना सुकडी वाटली जायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. दुष्काळ नसलेल्या वर्षीही उन्हाळा सरता सरता कोरडवाहू घरातली कणगी तळाला लागलेली असायची. ती अंगलट टंचाईने घडवलेली होती, तिला संयमाचं प्रशस्तिपत्र देण्यात अर्थ नाही. त्या ताटाचे गोडवे गाणारा एकही वक्ता त्या ताटावर परत जाणार नाही.

आणि कळण्याची भाकरी खायची तर दादर ज्वारी कुठून आणायची? २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि खान्देशचं रान पांढऱ्या बोंडांनी भरलं. पुढे मका आला, पाणी असलेल्या रावेर-यावल-चोपड्यात केळी होतीच. शेतकऱ्याने पैसा देणारं पीक घेतलं, त्याला दोष कोण देणार? रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो, चांगली दादर बाजारात गव्हापेक्षा महाग पडते. मजूर बाईने भाकरी सोडून पोळी-भात धरला तो हिशेबाने. तिला परंपरेचे धडे देणाऱ्यांनी आधी दादरचा भाव विचारून यावं.

आता आळसाकडे येऊ, कारण भाषणाचा खरा जीव त्यातच आहे. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये एक पाहणी आली: भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, स्त्रियांत तर ५७ टक्के. बातमी वाचून अनेकांना आळसाचा पुरावाच हाती लागल्यासारखं झालं. पण केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात. जवळपास पाच तास. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री ओटा पुसण्यापर्यंत जी बाई बसत नाही, तिला आळशी कुठल्या तोंडाने म्हणायचं? तिचं काम उभ्याने, वाकून, एकाच जागी चालतं. दम लागावा असं त्यात थोडं असतं. हा कामाच्या जातीतला फरक आहे, स्वभावातला नव्हे.

त्याहून अडचणीची गोष्ट टांझानियातून आली. तिथले हाडझा लोक आजही शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात, रोज मैलोगणती चालतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यांची दिवसभराची ऊर्जा मोजली. शरीराच्या आकारमानाचा फरक लक्षात घेतल्यावर ती खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांएवढीच भरली. शरीर हालचालीवर जास्त खर्च करू लागलं की दुसरीकडे काटकसर करतं. याचा अर्थ चालू नका असा नाही. चालण्याने रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, मन, सगळं सुधारतं. पण वजनाचा मोठा भाग ताटात ठरतो. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यात दोनशेच्या पुढे कॅलरी असतात. तेवढ्या जाळायला जळगावच्या मेहरूण तलावाकाठी जवळजवळ तासभर झपझप चालावं लागेल. पुडा संपायला दोन मिनिटं पुरतात.

ताटावरूनच महाराष्ट्रात २०१८-१९ मध्ये केवढं रण माजलं होतं ते आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. घराघरांत दोन पक्ष पडले. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढली, दीक्षितांना तिचे सदिच्छादूत केलं. खात्याचे मंत्री होते आमच्या जामनेरचे गिरीश महाजन. दीक्षितांच्या पद्धतीने अनेकांची वजनं उतरली, ते मी नाकारत नाही. पण त्या सगळ्या वादात एक प्रश्न कुणी विचारला नाही: दोनदा खा किंवा आठदा खा, खायला समोर काय ठेवलेलं आहे आणि ते तिथे कुणी ठेवलं? जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कापडाच्या दुकानात काम करणारा मुलगा सकाळी घरून निघतो, रात्री शटर ओढून दहाच्या पुढे जेवतो. त्याचं वेळापत्रक दीक्षितांच्या हातात नाही, दिवेकरांच्या नाही, त्याच्या स्वतःच्या तर नाहीच नाही.

शिवाय आपलं शरीर या आखाड्यात उतरतं ते आधीच मार खाऊन. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापलं: एकीकडे ते स्वतः, शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडसडीतच. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांच्या अंगात स्नायू खूप कमी, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. आई अर्धपोटी राहिली की पोटातलं मूल टंचाईसाठी तयार होतं. पुढे त्याच्यासमोर तेल-साखरेचा ढीग आला की ते तो साठवून ठेवतं, आणि साठवतं ते नेमकं पोटात. म्हणून भारतीयांसाठी जाडीची सीमा बीएमआय २५ ऐवजी २३ वर आणि कंबरेची मर्यादा पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २३ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं, आणि जवळजवळ २१ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर कृश निघाल्या. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. धडगाव-अक्कलकुव्याचं कुपोषण आणि धुळ्याच्या देवपुरातला मधुमेह हे दोन निरनिराळे विषय आहेत असं आपण मानतो. याज्ञिकांचं काम वाचल्यावर ते एकाच गोष्टीचे दोन अध्याय वाटतात. आजीची उपासमार नातवाच्या पोटावर दिसते, आणि आपण नातवाला म्हणतो, खाण्यावर ताबा ठेव.

आता पुडीकडे या. खान्देशातल्या कुठल्याही खेड्यात, एसटी थांब्यावरच्या टपरीच्या तारेला पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. वेफर्स, कुरकुरीत नळ्या, मसाला शेंगदाणे, क्रीम बिस्किटं. रावेर-यावलच्या टपऱ्यांवरही, जिथे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केळंही साधारण पाचेक रुपयांचंच पडतं. पण ते दोन-तीन दिवसांत काळं पडतं, पुडी काही महिने जशीच्या तशी राहते. केळं सडलं तर नुकसान टपरीवाल्याचं. पुडीवाल्या कंपनीची गाडी आठवड्याला दारात येते, उधारीवर माल टाकते, वर स्टँड फुकट देते. टपरीवाल्याने काय टांगावं? शाळेतून सुटलेल्या मुलाच्या हाताला काय लागेल? इथे कुणाच्या जिभेचा दोष शोधायचा?

या पुड्यांत फक्त तेल-मीठच वाईट असतं असंही नाही. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस माणसं महिनाभर आपल्या संशोधन संस्थेत ठेवून घेतली. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हींत साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच वाढलेले आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्यातलं खाणं समोर असताना तीच माणसं दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली. इच्छाशक्ती दोन्ही वेळा तीच होती.

मग सरकार काय करतं? २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाची चिंता व्यक्त केली, घरातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं आवाहन केलं, नंतर दहा मान्यवरांना या मोहिमेत ओढलं. आवाहन चांगलंच आहे. त्याच वर्षी मेअखेरीस कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आलं. २२ सप्टेंबरपासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५, फरसाण-नमकीनवरचा १२ वरून ५, चॉकलेटवरचा १८ वरून ५ झाला. गोड सोड्याच्या बाटल्यांना ४० टक्क्यांत टाकलं, तेवढं श्रेय द्यायला हवं. महागाई होती, सणावारांचे दिवस होते, हेही समजू शकतं. पण नागरिकाला तेल कमी करा सांगायचं आणि तेल-मैद्याचा माल स्वस्त करायचा, हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं. राज्याची तऱ्हाही निराळी नाही. २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्या अंड्याचे पैसे बंद केले. वाढत्या मुलाला ज्या प्रथिनांची गरज, ती परवडत नाहीत म्हणे.

आणि चालायचं कुठे? रस्त्याचंही थोडक्यात सांगतो. जळगावच्या पोटातून सुरत-नागपूर महामार्ग जातो. त्याला समांतर रस्ते मिळावेत म्हणून जळगावकरांना वर्षानुवर्षे आंदोलनं करावी लागली, आणि तोवर अपघात होत राहिले. आकाशवाणी चौकात मुलाला सायकलवर शाळेत धाडायची कुठल्या आईची छाती आहे? ती स्कूटीवर सोडते, मग तीच आई आणि तोच मुलगा आळशी ठरतात. धुळ्याच्या जुन्या गावाला सरळ, आखीव, नंबर घातलेल्या गल्ल्यांचं भाग्य लाभलंय, पण आज तिथे पायी चालणाऱ्याच्या वाट्याला दुकानाच्या पायऱ्या आणि लावलेल्या दुचाकींमधली फट येते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीस ओलांडतो. चालायला पहाटेचे दोन तास उरतात, आणि त्याच दोन तासांत बाईचा डबा व्हायचा असतो.

‘मग माणसाची जबाबदारी काहीच नाही का?’ असं कुणी विचारील. आहे. तर्री नको म्हणता येतं, चहातली साखर निम्मी करता येते, रात्रीचं जेवण आठला उरकणं ज्याला जमतं त्याने उरकावं. मीही हेच सांगतो घरात. पण पन्नास वर्षं तंबाखूवर प्रवचनं झाली, त्यांनी जे साधलं नाही ते २००३ च्या कायद्याने, पाकिटावरच्या चित्राने आणि २००८ च्या सार्वजनिक धूम्रपानबंदीने काही अंशी तरी साधलं. (महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि पुडी कुठे मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे, कायदा कागदावर राहिला की काय होतं त्याचाही हा नमुना.) चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो पाकिटाला तारे देण्याचा, म्हणजे फरसाणालाही एखाददुसरा तारा! उलट जुलै २०२५ मध्ये कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावायची सूचना निघाली तेव्हा ‘समोसा-जिलेबीवर इशारा’ अशी बोंब उठली आणि सरकारला दुसऱ्याच दिवशी, विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा नाही, असा खुलासा करावा लागला. कंपनीच्या पाकिटाला तारा आणि बोंब हलवायाच्या समोशावरून, यालाच चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

तेव्हा पुढच्या शिबिरात वक्त्याला टाळ्या देण्याआधी एक काम करा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे: शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. तुमच्या गावच्या शाळेच्या फाटकापासून टेप धरून पन्नास मीटर मोजा, त्यात किती टपऱ्या आणि किती माळा आहेत ते लिहून घ्या, आणि तो कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.